'सांजवाणी'चा एकमेव खुलासा

१

महुव्यात दुपारी एक ते चार या वेळात माणूस मरायचंसुद्धा पुढे ढकलतो, असं मुकुंदभाई म्हणायचे. बाजारातली शटरं खाली ओढलेली, कांद्याच्या यार्डात हमाल पोत्यांवर आडवे झालेले, रस्त्यावर फक्त ऊन आणि गाई. त्या वेळी गावात एकच जागा जागी असे, ती म्हणजे 'सांजवाणी'चं ऑफिस. सायंदैनिकाला दुपारची झोप परवडत नाही. एक वाजता पानं लागायची, अडीचला मशीन सुरू व्हायचं, चारला सायकली निघायच्या. गाव डोळे चोळत चहाला बसेपर्यंत चार पानांचा ताजा अंक हातात असायचा. एकोणसत्तर वर्षं हे असंच चाललं होतं. आता एकवीस दिवस उरले होते.

पेपर बंद करायचं मालक-संपादक मुकुंदभाईंनी सांगितलं तेव्हा जिगीषा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. ती पंचवीस वर्षांची. भावनगरला पत्रकारिता शिकून, मोठ्या शहराचं बोलावणं नाकारून, मुद्दाम गावी परत येऊन 'सांजवाणी'त लागलेली. पाण्याच्या टाकीत मेलेलं माकड सापडलं ही बातमी अहमदाबादचा कुठला पेपर छापणार होता? 'सांजवाणी'ने छापली होती, फोटोसकट, आणि तिसऱ्या दिवशी टाकी धुतली गेली होती. असा पेपर बंद करणं तिच्या लेखी गुन्हा होता.

"रुसून काय होणार, बेन?" मुकुंदभाई म्हणाले. "शेवटच्या अंकात दोन पानं तुझी. पेपरचा इतिहास लिही. बापुजींपासून सुरू कर."

"खरा लिहू?"

"म्हणजे? खोटा इतिहास असतो का?"

"बहुतेक तोच असतो."

मुकुंदभाई हसले. मग त्यांनी अंकाच्या नावाखालची बारीक ओळ बोटाने दाखवली. त्यांचे वडील वजुभाई, म्हणजेच बापुजी, पेपरचे संस्थापक, यांनी ती घातली होती : 'आजवर एकही खुलासा नाही.' बाकीचे पेपर आठवड्यातून दोनदा 'कालच्या बातमीत चूक झाली' असं कोपऱ्यात छापत. 'सांजवाणी'ने कधीच छापलं नव्हतं.

"एवढी ओळ ठळक घे," ते म्हणाले.

२

जुने अंक मागच्या खोलीत बांधून ठेवलेले होते, वर्षाला एक जाडजूड फाईल. जिगीषा दुपारी पंख्याखाली जमिनीवर बसून पानं उलटायची. कागद कडांना बिस्किटासारखा तुटायचा.

शनिवारच्या अंकात तिसऱ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, एक चौकट असायची. ती तिला लहानपणापासून पाठ होती, साऱ्या गावालाच होती.

'चि. नटु, असशील तिथून घरी ये. बाची तब्येत बरी नाही. तुला कोणी रागावणार नाही.'

बा म्हणजे त्याची आई. वर नटुचा फोटो. गावाने त्यावरून एक बोलणंच तयार केलं होतं. रस्ता कधी दुरुस्त होणार? नटु येईल तेव्हा. उधारी कधी देणार? नटु येऊ दे की. जिगीषासुद्धा शाळेत असताना हे म्हणायची, आणि नटु नावाचा कोणी खरा माणूस आहे हे तिच्या मनातही यायचं नाही.

१९७४च्या फाईलमध्ये तो बावीस वर्षांचा होता. बाजूने भांग, मोठी कॉलर, मागे स्टुडिओचा पडदा. ती पुढे गेली. १९८१च्या फाईलमध्ये तिचा हात थांबला. कपाळ मोठं वाटत होतं. छपाई पुसट असेल, असं म्हणून तिने १९८९ काढलं. मिशी होती. १९९७मध्ये चष्मा.

तिने आठ-दहा फायली जमिनीवर ओळीने उघडून ठेवल्या आणि उभी राहून पाहिलं. एक माणूस तिच्या पायांशी डावीकडून उजवीकडे म्हातारा होत गेला होता.

तिला पहिल्यांदा भीती वाटली नाही, राग आला. दर काही वर्षांनी कोणीतरी नवा फोटो आणून देत होतं. म्हणजे घरच्यांना तो कुठे आहे ते माहीत होतं. अठ्ठेचाळीस वर्षं ही माणसं गावाला वेड्यात काढत होती, आणि पेपर फुकट त्यांना साथ देत होता.

३

नटुची आई लाभुबा पुतण्याच्या दुकानामागच्या खोलीत राहत होती. हे घर खराड्यांचं, लाकडाची खेळणी करणाऱ्यांचं. पुढे यंत्रावर भोवरे कातले जात होते, लाखेचा गरम वास आतपर्यंत येत होता. लाभुबा नव्वदीला टेकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. जिगीषा तिच्या खाटेच्या काठावर बसली आणि वेळ न घालवता तिने विचारलं.

"बा, नटुभाईंचे नवे फोटो कोण पाठवतं?"

"कसले फोटो? एकच होता. तोही हरवल्याच्या जाहिरातीसाठी तुमच्या वजुभाईंनी नेला. परत आणून देतो म्हणाले. नेणारी माणसं असंच म्हणतात."

"मग पेपरात कोणाचा येतो?"

"माझ्या नटुचाच ना? का, दुसऱ्याचा येतो?" लाभुबाने मान वळवली. "मी बघत नाही, बेटा. त्या दिवसापासून मी पेपर बघितला नाही. शनिवारी पुतण्याची बायको वाचून दाखवते."

"कुठल्या दिवसापासून?"

दुकानातलं यंत्र थांबलं, परत सुरू झालं.

"यंत्रावर बसायचं नाही म्हणाला. कॉलेजला जायचं होतं त्याला. बापाने हात उचलला. हा निघून गेला. तिसऱ्या महिन्यात मी पेपर हातात घेतला. वाचता मला येत नाही, पण बेसण्याचं पान कळतं. कोण गेलं, दुखवट्याला कधी बसायचं, ते सगळं काळ्या रेघेत असतं. त्या रेघेत माझा नटु."

"नटुभाईंचं बेसणं?"

"बेसणं दुसऱ्याचं. कोणी मुंबईला वारलेला मुलगा. फोटो माझ्या नटुचा. पण हे मला कोण सांगणार? पांढरे कपडे घालून माणसं आली, दारात बसली. मीही बसले. संध्याकाळी वजुभाई अनवाणी आले. म्हणाले, बेन, चूक झाली, फोटोचा ब्लॉक बदलला. मी म्हटलं, बरं झालं, मग तसं छापा. नटुला कळू दे तो मेलेला नाही ते."

"आणि?"

"हात जोडले त्यांनी. म्हणाले, दर शनिवारी त्याला हाक मारीन, मरेपर्यंत मारीन. पण एवढं छापायला सांगू नका." लाभुबाने जिगीषाचा हात चाचपून धरला. "तो परत आलाच असणार गं. त्याचा राग तीन महिन्यांचाच होता, मला माहीत आहे ना. स्टेशनवर उतरला असेल, चहा घेतला असेल, पेपर उघडला असेल. स्वतःचं बेसणं बघितल्यावर माणसाने जायचं कुठे?"

लाभुबाने हात सोडला नाही.

"तू छापशील?"

"छापेन, बा."

"मी आहे तोवर छाप. मी गेल्यावर तो आला तर त्याला दार कोण उघडेल?"

४

तरी फोटोंचा उलगडा होत नव्हता. जिगीषाच्या डोक्यात एकच सरळ उत्तर होतं : करसनकाका. हे पूर्वी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, आता त्याच खुर्चीत बसून संगणकावर पानं लावायचे. गंमत म्हणून, पश्चात्ताप म्हणून किंवा वय झाल्यामुळे तेच कुठल्या तरी माणसाचे फोटो घालत असतील. त्या शनिवारी तिने तिसरं पान स्वतः लावलं आणि करसनकाकांना चहा आणायला पाठवून दिलं.

पडद्यावर नटु बावीस वर्षांचा होता. छोट्या प्रिंटरवर तिने प्रूफ काढलं. बावीस. प्रूफ घडी करून तिने मुठीत धरलं आणि मशीनपाशी उभी राहिली. प्लेट तिच्यासमोर चढली. अंक पडायला लागले तशी तिने एक उचलला.

सत्तरीचा माणूस होता. दाढीचे खुंट, कॉलर सैल, मान आत गेलेली. तो समोर बघत होता, पण फोटो काढून घेणारा बघतो तसा नाही. दवाखान्यात नाव पुकारण्याची वाट बघणारा बघतो तसा.

तिने मूठ उघडून प्रूफ पाहिलं. बावीस.

शाई, तिने स्वतःला सांगितलं. कागद हलका आहे, शाई पसरते, डोळ्यांखाली सावली येते, माणूस म्हातारा दिसतो. हे ती मनाशी म्हणत असतानाच तिचं लक्ष माणसावरून मागे गेलं. मागे स्टुडिओचा पडदा नव्हता. भिंत होती, कमरेपर्यंत गडद ऑइलपेंट, वर चुना. कडेला बाकाचा एक हात.

तिने मान वर केली. जाहिरात द्यायला आलेली माणसं जिथे थांबतात ती बाहेरची खोली उघड्या दारातून दिसत होती. कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट. बाक. बाकावर कोणी नव्हतं. मशीनच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी तिला बाक कुरकुरल्यासारखा वाटला, कोणीतरी बसल्या बसल्या पाय बदलावा तसा. उन्हाने लाकूड तडकतं, तिने म्हटलं. हे खरंही होतं.

मग ती मागच्या खोलीत गेली आणि फायली पुन्हा उघडल्या, या वेळी फक्त माणसाच्या मागे काय आहे ते बघायला. १९७६, रेल्वेचा फलाट. १९८३, बाभळींचा रस्ता. १९९४, भाजीबाजाराचं फाटक. २००८, ऑफिसची गल्ली. २०१७, ऑफिसच्या दारापुढच्या पायऱ्या.

स्टेशनवरून ऑफिसात पायी यायला अकरा मिनिटं लागतात.

५

"काका, तुम्हाला दिसतं का हो?"

करसनकाका बशीत चहा ओतत होते. "मी तिसऱ्या पानाचा डावा कोपरा बघत नाही."

"कधीपासून?"

"मला चष्मा लागला त्याच्या आधीपासून." त्यांनी बशी खाली ठेवली. ओठाला लावलीच नाही. "बेन, तुला वाटत असेल, मोठी काहीतरी भानगड असणार. दुश्मनी, दारू. काही नाही. दुपार होती. साऱ्या गावाला झोप मिळते, आम्हाला नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो, उभ्या उभ्या डुलकी लागली. खणात दोन ब्लॉक शेजारी होते, हात एकावर पडायचा तो दुसऱ्यावर पडला. एवढंच. एका डुलकीचं झालं हे सगळं."

"मग दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा. दोन ओळी."

"दोन ओळी," करसनकाका म्हणाले. "ते बेसण्याचं पानसुद्धा वजुभाईंनी फाईलमधून कापून काढलं. बघ जाऊन."

ती बघायला गेली नाही. तरातरा मुकुंदभाईंच्या खोलीत गेली. मुकुंदभाईंची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती, बाहेरच्या खोलीकडे पाठ. इतकी वर्षं तिला ती फक्त एक सवय वाटली होती.

"शेवटच्या अंकात खुलासा जाईल," ती म्हणाली.

"कसला?" त्यांनी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. "नाही जाणार."

"का? त्या नावाखालच्या ओळीसाठी? ती ओळच खोटी आहे, भाई. एका बाईचा जिवंत मुलगा आपण मारला आणि अठ्ठेचाळीस वर्षं रोज छातीवर हात ठेवून सांगतोय, आम्ही चुकत नाही. हा इतिहास लिहू मी?"

"बेन, हळू."

"कोण आहे ऐकायला? सगळं गाव झोपलंय."

मुकुंदभाईंनी बाहेरच्या खोलीकडे बघायचं टाळलं. ते इतकं उघड दिसलं की जिगीषाचा आवाज आपोआप खाली आला.

"बापुजींनी एकदा जुळवला होता," ते म्हणाले. "खुलासा. सहा-सात वर्षांनी. प्रूफ काढलं, उभ्याने वाचलं, आणि मग जुळवलेले खिळे हाताने मोडले. मी विचारलं, का? म्हणाले, उशीर झाला. आता छापलं तर कोण येईल ते सांगता येत नाही."

"तो येईल. ज्याचं घर आहे तो."

"तू लहान आहेस."

"आणि लाभुबा नव्वदीची आहे. तिच्याकडे किती वेळ आहे, भाई?"

मुकुंदभाईंनी समोरची प्रूफं ओढून घेतली. जिगीषाने ते स्वतःच्या सोयीने घेतलं. भित्र्या माणसांनीच जगातली सत्यं दाबून ठेवलेली असतात, असं तिचं त्या वयात ठाम मत होतं, आणि ते अगदीच चूक होतं असंही म्हणता येत नाही.

६

शेवटचा अंक शनिवारी आला.

मुकुंदभाई फक्त पहिलं पान तपासायचे. बाकीच्या पानांवर ते न वाचता सही करत, माणसांवर विश्वास म्हणून. जिगीषाला त्याचं वाईट वाटलं, पण थांबण्याइतकं नाही. तिसऱ्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात, दर शनिवारच्या हाकेच्या जागी, तिने आणि करसनकाकांनी ही चौकट लावली :

'खुलासा. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या अंकात श्री. नटवर खराडी यांचा फोटो चुकून बेसण्याच्या जाहिरातीत छापला गेला. श्री. नटवर जिवंत आहेत. झालेल्या चुकीबद्दल 'सांजवाणी' त्यांची आणि त्यांच्या आईची क्षमा मागते.'

"'जिवंत आहेत' असं लिहायचं?" करसनकाकांनी विचारलं. "आपल्याला काय माहीत?"

"मेल्याचं तरी कुठे माहीत होतं?"

करसनकाकांनी बटण दाबलं. त्यांचा चेहरा कितीतरी वर्षांनी धुतल्यासारखा दिसत होता.

अडीचला मशीन सुरू झालं. पहिला अंक जिगीषाने उचलला. खुलासा व्यवस्थित होता, एकही अक्षर हललेलं नव्हतं. वरच्या फोटोत कमरेपर्यंत गडद भिंत होती, बाक होता.

बाकावर कोणी नव्हतं.

तिने दुसरा अंक उचलला, दहावा उचलला, गठ्ठ्याच्या मधला ओढून काढला. भिंत आणि बाक. करसनकाकांनी तिच्या हातातून एक घेतला, जवळपास पन्नास वर्षं चुकवलेल्या कोपऱ्याकडे सरळ पाहिलं, आणि कागदाच्या रिळावरच बसले.

बाहेरच्या खोलीच्या जाळीच्या दाराला स्प्रिंग होती. दार उघडून सोडलं की ते सावकाश, कण्हत मिटायचं. ते मिटत होतं. जिगीषाने शेवटची चार बोटांची फट तेवढी पाहिली, आणि तिच्यात नुसतं ऊन.

मुकुंदभाई आतून आले. त्यांनी अंक वाचला. ते चिडतील, ओरडतील, असं तिला वाटलं होतं. तिची उत्तरं तयार होती. त्यांनी अंकाची घडी केली आणि तिच्या हातात दिली.

"लाभुबाचा अंक सायकलवाल्याकडे देऊ नकोस," ते म्हणाले. "तू स्वतः ने."

७

साडेचारला गाव नुकतं उठत होतं. दुकानं अर्धी उघडलेली, गाठियाच्या कढया तापत होत्या. खेळण्यांचं दुकान मात्र बंद होतं. पुतण्या बायकोला घेऊन राजुल्याला लग्नाला गेला असल्याचं शेजारच्याने सांगितलं. "पण म्हातारीकडे कोणी पाहुणा आलाय वाटतं," तो म्हणाला. "मघापासून बोलतेय."

बोळातून जिगीषा मागच्या दाराशी गेली. दार उघडंच होतं. चूल पेटलेली, बाजरीच्या भाकरीचा वास. कित्येक वर्षांत उठून उभी न राहिलेली लाभुबा भिंतीला धरून उभी होती. तिचा चेहरा इतका आनंदी होता की जिगीषाला तिच्याकडे बघवेना.

"हळू बोल," लाभुबा म्हणाली. "आत्ताच आडवा झालाय. किती चालून आलाय."

आतली खोली अंधारी होती. खाटेवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलेलं होतं, अंगावर गोधडी. शेजारी आला असेल, तिच्या मनात आलं. लांबचा कोणी भाऊबंद. म्हातारीला दिसत नाही, कोणी येऊन 'मी नटु' म्हणालं तरी ती ठेवून घेईल. तिने एवढा विचार केला आणि मग गोधडीबाहेर आलेले पाय पाहिले.

पाय करडे होते. धुळीने करडे असतील म्हणून ती एक पाऊल पुढे गेली. पेपरातला फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला की चेहरा विरतो आणि नुसते ठिपके उरतात. टाचा, बोटं, भेगा, सगळं तसल्या ठिपक्यांचं होतं. ठिपक्यांच्या मधून खाटेची सुतळी दिसत होती.

ती मागे सरकली. तिच्या हातातला अंक खाली पडला. खाटेवरचं माणूस वळलं नाही. गोधडी वर-खाली होत होती, नियमाने, एका लयीत, अडीचला सुरू होणाऱ्या मशीनच्या लयीत.

"बा," ती म्हणाली. "बा, हे बोलतात का काही?"

"काय बोलणार?" लाभुबा भिंत धरत चुलीकडे वळली. "तुम्ही छापलंत असणार, जिवंत आहे. तेवढा आहे बिचारा. येऊन उभा राहिला, मी हाताला धरून बसवलं. भाकरी वाढली, ताक दिलं. हात लावत नाही. नुसता बघतो ताटाकडे."

जमिनीवर ताट होतं. भाकरी मोडलेली नव्हती. ताक खाली बसून वर निवळ आली होती.

जिगीषाला बाहेर पळायचं होतं. पण लाभुबाचा सुरकुतलेला हात तिचा दंड शोधत आला आणि सापडल्यावर त्याने घट्ट धरलं. त्या पकडीत भीती नव्हती, अजिबात नव्हती. फक्त एक काम सांगायचं राहिलं होतं.

"तू खरं करतेस बोललेलं. तुझ्यासारखं कोणी केलं नाही. एक अजून कर. फार नको, एकच ओळ. उद्याच्या अंकात छाप, नटु जेवला."

रस्त्यावरून 'सांजवाणी'च्या सायकली शेवटचा अंक घेऊन घंटा वाजवत जात होत्या. मशीन सोमवारी भंगारवाला नेणार होता. मुकुंदभाईंनी नावाची पाटी आताच उतरवायला घेतली असेल.

लाभुबा तोंड वर करून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, उत्तराची वाट बघत होती.

"हो बा," जिगीषा म्हणाली. "पहिल्या पानावर."